इंग्लंडमध्ये पर्सनल लायसन्स काढलं, आणि पबचं तळघर माझ्याकडे आलं

२०२५च्या जानेवारीत एका सोमवारी रात्री शटर ओढताना मालकांनी विचारलं, "बेटा, लायसन्स तुझ्या नावावर काढशील का?" तोपर्यंत मी दोन वर्षं त्यांच्या किचनमध्ये होते. वेस्ट मिडलंड्समध्ये पंजाबी मंडळींनी चालवलेले पब बरेच आहेत, त्यांना इथे सरळ 'देसी पब' म्हणतात. एका बाजूला मिक्स ग्रिलचा धूर, दुसऱ्या बाजूला ड्राफ्ट बिअरचे नळ. मालकांना आम्ही सगळे अंकल म्हणतो. त्यांचे गुडघे गेलेत, तळघराच्या चौदा पायऱ्या त्यांना उतरवत नाहीत. दारू विकण्याचं हे लायसन्स म्हणजे नुसता कागद नव्हता, खालचं सगळं तळघरच माझ्याकडे येणार होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी शिरोळ तालुक्यातली, शाकाहारी घरातली. दुसऱ्या दिवशी फोनवर आईने एवढंच विचारलं, "लोकांना काय सांगायचं?" बाबांनी मात्र वेगळाच प्रश्न केला: "माल येतो कशातनं? आणि रिकामं परत कोण नेतं?" बाबांनी तीस वर्षं गावच्या दूध संस्थेचं संकलन सांभाळलं. त्यांच्या लेखी कुठल्याही पातळ मालाच्या धंद्यात हे दोनच प्रश्न खरे. पुढचे आठ महिने मी त्यांचीच उत्तरं शोधत होते.

आधी लायसन्सचं सांगते, कारण बहुतेकांना भीती त्याचीच असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३च्या लायसन्सिंग कायद्याप्रमाणे जागेचं लायसन्स वेगळं आणि माणसाचं वेगळं. माणसाचं ते पर्सनल लायसन्स. जागेच्या लायसन्सवर एका जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं, तिला डीपीएस म्हणतात, आणि तिच्याकडे पर्सनल लायसन्स असावंच लागतं. काउंटरमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ते लागत नाही. अर्ज करायचा तो आपण राहतो त्या कौन्सिलकडे. पब दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत असला तरी फरक पडत नाही. मी आधी पबच्या कौन्सिलच्या साइटवर दोन दिवस घालवले.

आधी एक दिवसाचा कोर्स आणि परीक्षा. मी शनिवारी, ८ फेब्रुवारीला दिली. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २८ बरोबर यावे लागतात. सगळे पर्यायी प्रश्न. परीक्षेसकट मला १२९ पौंड पडले. कायद्याची चार उद्दिष्टं पाठ असावीत: गुन्हे आणि गैरवर्तन रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, आजूबाजूच्यांना उपद्रव होऊ न देणं आणि मुलांचं रक्षण. वयाच्या प्रश्नांत गडबड होते. १६-१७ वर्षांच्या मुलाला सोबत मोठं माणूस असेल आणि टेबलावर जेवण असेल, तर बिअर, वाईन किंवा सायडर पिता येते, पण विकत मोठ्यानेच घ्यायची. हा प्रश्न मला आला होता. माझे ३६ बरोबर आले.

निकाल १७ फेब्रुवारीला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी मी बेसिक डीबीएस, म्हणजे गुन्हे नोंदीचा दाखला मागवला. फी २१.५० पौंड. त्यात मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात. आम्ही २०२१ साली आलो, त्यामुळे गावाकडचा पत्ताही भरावा लागला. आमच्या घराला नंबर नाही, 'मारुती मंदिरामागे' एवढंच. पासपोर्टवर छापलंय तेच अक्षरशः उतरवा, काही अडत नाही. दाखला २४ तारखेला मिळाला.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा. अर्ज करताना हा दाखला एक महिन्याच्या आतला लागतो. मी ३ मार्चला अर्ज टाकला: ३७ पौंड फी, कोर्सचं प्रमाणपत्र, डीबीएस, शिक्षांबाबतचं प्रतिज्ञापत्र, काम करण्याच्या हक्काचा शेअर कोड (कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो) आणि दोन फोटो. त्यातल्या एका फोटोच्या मागे प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी असते, वकील, शिक्षक, बँकेतले अधिकारी अशांची. मी दोन्ही फोटो कोरे पाठवले. आठ दिवसांनी सगळं पाकीट परत. डीबीएसची मुदत डोळ्यांसमोर पळत होती. मुलाच्या वर्गशिक्षिकेने शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या सही दिली आणि १२ मार्चला अर्ज पुन्हा गेला. ११ एप्रिलला लायसन्स हातात पडलं. २०१५ पासून त्याला नूतनीकरण नाही, नाव किंवा पत्ता बदलला तर मात्र कळवायचं.

१४ एप्रिलला अंकलनी डीपीएस बदलण्याचा अर्ज केला, फी २३ पौंड. त्यासाठी माझं संमतिपत्र लागलं, आणि पोलिसांना हरकत घ्यायला १४ दिवस असतात. ते चौदा दिवस मी उगीचच दारावरच्या घंटीकडे कान लावून काढले. हरकत आली नाही. फोटो आणि टपाल धरून माझा खर्च दोनशे पौंडांच्या आत राहिला, आपले वीस-एकवीस हजार रुपये.

अर्ज परत आला त्या आठवड्यापासूनच मी तळघरात उतरायला लागले होते. शिकवायला एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. चाळीस वर्षं त्यांनी पबांची तळघरं सांभाळलीत. मला 'बॅब' म्हणतात, या भागात ते आपल्या 'बाळ'सारखं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला थर्मामीटर दाखवला. ११ ते १३ अंश, बारा महिने, दिवसरात्र. त्याखाली गेलं तर बिअर गढुळते, वर गेलं तर आंबते.

मग त्यांनी एक पिंप पायाने माझ्याकडे वळवलं. त्याला फर्किन म्हणतात. ९ गॅलन, ७२ पाइंट, म्हणजे जवळजवळ ४१ लिटर. मी हात लावून बघितला आणि घसा दाटून आला. आमच्या डेअरीचा दुधाचा कॅन ४० लिटरचा. तीच उंची, उचलताना कमरेत तेच वजन. मी आठवीत असल्यापासून ते कॅन धुतलेत.

ड्राफ्ट बिअर दोन प्रकारची असते. केग नावाच्या पिंपातली ब्रुअरीतच, म्हणजे बिअरच्या कारखान्यातच, तयार होते, बहुतेकदा गाळून येते आणि गॅसच्या दाबाने वर चढते. कास्क नावाच्या पिंपातली जिवंत असते. तिच्यात यीस्ट असतं आणि ती पिंपातच शेवटची आंबते, त्यामुळे निम्मं काम ब्रुअरी करते आणि निम्मं पबवाला. पिंप आडवं ठेवायचं, वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची. खुंटीच्या रंध्रांतून फेस वर येतो, बारीक, पिवळसर, रवीने घुसळताना ताकावर येतो तसा. तो पुसायचा आणि वाट बघायची. फेस मंदावला की खुंटी बदलून टणक लाकडाची घालायची, म्हणजे राहिलेला वायू आत टिकतो. गाळ बसायला एक-दोन दिवस लागतात. मग तोंडाच्या बुचावर तोटी धरायची आणि लाकडी मोगरीने एकच घाव. मी पहिल्यांदा घाबरत मारला, तोटी अर्धीच गेली आणि दोन लिटर बिअर भिंतीवर उडाली. आजोबा म्हणाले, "ठरवून मार, बॅब." दुसऱ्या वेळी बसली.

गाळ लवकर बसावा म्हणून बऱ्याच कास्क बिअरमध्ये आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या वाताशयापासून करतात. आपल्याकडच्या शाकाहारी लोकांना हे सहसा माहीत नसतं. आता काही ब्रुअऱ्या ते न घालता थोडी गढूळ बिअर काढतात. मी प्रत्येक नळावर चिठ्ठी लावलीय.

एकदा तोटी ठोकली की त्या पिंपात हवा शिरते आणि तीन दिवसांत ते संपवावं लागतं. आमच्याकडे सोमवार ते गुरुवार गिऱ्हाईक कमी. अंकलची एक वही आहे, वाया गेलेल्या मालाची. प्रामाणिक माणूस, दर पाइंट लिहितो. मार्चच्या चार आठवड्यांत २१४ पाइंट मोरीत गेले होते. वहीवरचा तो आकडा बघून मला गावाकडचं नासलेलं दूध आठवलं. एक लिटर बिअर करायला चांगल्या ब्रुअरीतही तीन ते पाच लिटर पाणी जातं, शिवाय सातू पिकवायला, उकळायला, थंड करायला जे लागतं ते वेगळं. एवढं सगळं करून, थंडगार ठेवून, ती ओतून द्यायची. मला ते सहन होईना. खरं सांगायचं तर लायसन्सपेक्षा त्या वहीने मला तळघरात बांधून ठेवलं.

पहिला उपाय आजोबांनीच सुचवला: पिन. पिन म्हणजे फर्किनच्या निम्मं पिंप, साडेचार गॅलन, ३६ पाइंट. एप्रिलपासून आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवसांत पिन आणि शुक्रवारी फर्किन घ्यायला लागलो. पिनमागे ब्रुअरी थोडा जास्त दर लावते, तरी परवडतं. इथे कराचा एक मुद्दा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून या देशात ड्राफ्ट बिअरवर बाटली-कॅनपेक्षा कमी कर लागतो. ही सूट आधी ९.२ टक्के होती, १ फेब्रुवारी २०२५ पासून १३.९ टक्के झाली. मूळ प्रस्तावात पिंप किमान ४० लिटरचं असावं अशी अट होती. छोट्या ब्रुअऱ्यांनी आवाज उठवला आणि अट २० लिटरवर आली. पिन भरते साडेवीस लिटर. पहिलीच अट राहिली असती तर आमच्यासारख्या पबचं पिन सवलतीबाहेर गेलं असतं आणि आम्ही फर्किनच घेऊन निम्मं ओतत बसलो असतो. मोठ्या पिंपातून वाढलेली बिअर पबला आणि जगाला दोघांनाही स्वस्त पडते, पण ते पिंप वेळेत संपत असेल तरच.

दुसरी गळती नळ्यांची. तळघरापासून काउंटरपर्यंत नळ्यांचा जाड जुडगा जातो, मधून गार पाणी फिरतं, वरून इन्सुलेशन. त्याला पायथनच म्हणतात, आणि दिसतोही अजगरासारखा. दर सात दिवसांनी या नळ्या धुवाव्या लागतात. आमच्या नळ्या साधारण पंधरा मीटरच्या, एकेकीत दोन पाइंट बिअर उभी असते. आठ नळ्या म्हणजे आठवड्याला सोळा पाइंट, धुण्यापूर्वीच गेले. आता मी मंगळवारी सकाळी आधी पाण्याने बिअर ढकलते आणि रंग फिका होईपर्यंतची जगमध्ये घेऊन दुपारी पहिल्या गिऱ्हाइकांना वाढते. आणि आठाच्या सहा नळ्या केल्या. दोन लागर बिअर कुणी मागत नव्हतं, नळ नुसते शोभेला होते. अंकलना हे पटायला महिना लागला, कारण नळ जास्त दिसले की पब मोठा वाटतो.

धुण्याचं रसायन कॉस्टिक असतं, जांभळं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचं नाही, मग भरपूर पाणी सोडून लिटमस कागदाने खात्री करायची. सात दिवसांचे दहा दिवस करण्याचा मोह होतो, पाणी आणि रसायन वाचतं. मी तो केला नाही. नळीत बुरशी धरली की एक नव्हे, सगळी बिअर जाते.

तिसरी गोष्ट गॅसची. तळघरात शिरताना आधी कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बघायचा. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, वास नाही. सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले. नवीन माणसाला मी हे पहिल्या पाच मिनिटांत सांगते, बाकी सगळं नंतर. अंकल अजून २०२१च्या सप्टेंबरची आठवण काढतात. नैसर्गिक वायू महागला, खतांचे कारखाने थांबले आणि देशभर कार्बन डायऑक्साइडची टंचाई झाली, कारण इथला बराचसा गॅस अमोनिया करताना निघणाऱ्या वायूतून यायचा. बिअर आंबताना तोच वायू निघतो! ४ टक्क्यांच्या ५० लिटर बिअरमागे हिशेबाने दीड किलो. छोटी ब्रुअरी तो हवेत सोडते आणि पब तो विकत घेतो.

हे डोळ्यांनी बघायला मी मेच्या मध्यावर एका गुरुवारी आम्हाला माल देणाऱ्या छोट्या ब्रुअरीत गेले, पबपासून अकरा मैल. टाकीतून एक नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली आणि बादली अखंड बुडबुडत होती. मोठ्या ब्रुअऱ्या हा वायू पूर्वीपासून पकडतात, आता छोट्यांसाठीही यंत्रं निघालीत, पण यांना त्याची किंमत अजून झेपत नाही. बाकी मात्र ती जागा मला माहेरासारखी वाटली. उकळता रस गार करताना जे पाणी तापतं, तेच पुढच्या घाण्याला वापरतात. टाकीवर आलेला यीस्टचा फेस काढून पुढच्या बिअरला लावतात, आपण विरजण ठेवतो तसं. आणि रस काढून उरलेला सातूचा चोथा मागच्या दारात ट्रेलरमध्ये पडत होता, वाफाळता, गोडसर. मी मूठभर हातात घेतला. आंबोण! हुबेहूब आंबोणाचा वास. शेजारचा शेतकरी तो गाईंसाठी नेतो, पैसे कुणी कुणाला देत नाही.

तिथेच प्लास्टिकचे एकदाच वापरायचे केगही बघितले. गोल फुग्यासारखे, आत पिशवीत बिअर. बाहेरून नुसती हवा दाबली की बिअर वर येते, गॅस लागत नाही. हलके, आणि परत आणायची कटकट नाही. दूर देशी माल पाठवणाऱ्याला ते सोयीचे असतील, मला पटतं. पण अकरा मैलांवरच्या पबात मला ते नकोत. स्टीलचं पिंप नीट वागवलं तर वीस-तीस वर्षं फिरतं. भरलेलं येतं, रिकामं जातं, धुऊन पुन्हा भरून येतं.

रिकामं परत जातं का, हे मात्र पबवाल्याच्या हातात आहे. आमच्या मागच्या अंगणात चार जुनी पिंपं पडली होती. एकावर जिरेनियमची कुंडी, दोन बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना बसायला. पिंप ब्रुअरीच्या मालकीचं असतं, पब ते नुसतं वापरतो. मी त्यांच्यावरची नावं वाचून तिन्ही ब्रुअऱ्यांना फोन केले आणि दोन आठवड्यांत ती गेली. आता रिकाम्या कास्कची दोन्ही भोकं मी लगेच बुचाने बंद करते. उघडं राहिलं तर आत बुरशी धरते, गांधीलमाशा शिरतात, आणि धुणाऱ्याला दुप्पट कॉस्टिक लागतं. कॅन झाकण लावून परत पाठवायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. २८ जूनच्या शनिवारी, उन्हाच्या लाटेत, तळघराचं कूलिंग बंद पडलं. मी किचनमध्ये लग्नाच्या ऑर्डरीत होते, सकाळचं तापमान बघितलं आणि संध्याकाळचं राहिलं. रात्री नऊला खाली गेले तर १९ अंश. ओली पोती टाकली, बर्फ टाकला. तरी दोन फर्किन गेले, सोमवारी चाखले तर आंबट. दुरुस्तीवाल्याने बुधवारची वेळ दिली आणि ३४० पौंड घेतले. कंडेन्सरच्या जाळीत दोन वर्षांची धूळ बसली होती, एवढंच. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ब्रशने ती जाळी झाडते, आणि दिवसातून दोनदा तापमान लिहिते. त्या दिवशी मी खाली पायरीवर बसून रडले. आजोबांनी काही समजावलं नाही, पिंपं बाहेर काढायला हात लावला.

ऑगस्टच्या चार आठवड्यांत वहीत ६८ पाइंट वाया. अजून तीस-पस्तिसांवर यावेत असं मला वाटतं. पिंपाच्या तळाचा गाळ तर राहणारच.

परवा मंगळवारी माल आला तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गाडीवाले तळघराच्या झडपेतून भरलेली पिंपं जाड गादीवर सोडत होते आणि रिकामी वर ओढत होते. बाबा बराच वेळ गप्प बसून बघत होते. मग म्हणाले, "किती आली?" मी म्हटलं, सात. "किती गेली?" सात. "झाकणं लावली होतीस?"

मी फोन खाली धरून त्यांना बुचं दाखवली.